आजोबांचा मार्का, तीन कोर्टं आणि चुलतभाऊ: सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. उमरेड-भिवापूर पट्ट्यात तुमच्या आजोबांनी १९७९ मध्ये तिखट-मसाल्याचं काम सुरू केलं, पुड्यावर त्यांचं नाव आणि फेट्यातला फोटो, तोच मार्का. १९९३ मध्ये तुमचे बाबा आणि काकाजी या दोघांची भागीदारी फर्म झाली. आजोबा २००४ मध्ये गेले, बाबा २०१७ मध्ये. त्यानंतर चुलतभाऊ पुण्याला गेला, तिथं युनिट टाकलं आणि २०१९ मध्ये तोच मार्का एकट्याच्या नावावर रजिस्टर करून घेतला. गावातलं जुनं कांडप तुम्ही चालवून राहिले. २०२३ मध्ये तुम्ही नागपूरला दावा टाकला, २०२४ मध्ये त्यानं पुण्याला टाकला, आणि आता मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या तुमच्या डीलरला तिथल्या कोर्टाचं समन्स आलंय. तुम्ही विचारता की यातलं कोणतं कोर्ट खरं, हे सगळं एका जागी कसं आणायचं, आणि आजीला साक्षीला उभं करावं का. आजीचं शेवटी सांगते.

मी गेली २२ वर्षं नागपूर, वर्धा, भंडाऱ्याच्या जिल्हा कोर्टांत आणि नागपूर खंडपीठात वकिली करते. मिरची, हळद, पापड, कापडदुकान, सराफा, अशी एकाच घरातली दोन माणसं आणि मधात एक नाव, हे मी खूप पाहिलंय. तुमचे कागद न पाहता पक्कं कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे जिथं "हे कागदावर अवलंबून" म्हणेन तिथं तो कागद खरंच शोधा.

पण सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. पुण्याचं समन्स तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडलं ते बघा आणि लेखी जबाब दाखल झालाय का ते पुण्याच्या वकिलाला आजच फोन करून विचारा. ट्रेडमार्कचा दावा ३ लाख किंवा त्यावर किमतीचा असला की तो कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली जातो, आणि तिथं जबाबाला ३० दिवस, कोर्टानं मुदत वाढवून दिली तरी समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस. त्यानंतर जबाब रेकॉर्डवर घ्यायचा अधिकार खुद्द कोर्टालाही राहत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. आपल्याकडे शेताच्या बांधाच्या दाव्यात "पुढच्या पेशीला देऊ" असं चालून जातं, त्या सवयीनं माणूस इथं फसतो. आणि कागदपत्रंही जबाबासोबतच द्यायची असतात, मागाहून सापडलेल्या बिलबुकासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते आणि आधी का नाही दिलं याचं कारण सांगावं लागतं.

आता तुमचा मुद्दा, कोणतं कोर्ट खरं. तिन्ही खरी असू शकतात, तीच तर अडचण आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १३४ प्रमाणे असा दावा जिल्हा कोर्टाच्या खाली चालतच नाही. रजिस्टर्ड मालकाला त्याच कलमानं एक जास्तीची सोय दिलीय, तो स्वतः जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथंही दावा टाकू शकतो, म्हणून पुणे. तुमचा दावा पासिंग ऑफचा, म्हणजे हा माणूस आमच्या नावावर स्वतःचा माल खपवतोय असा, त्याला ही सोय नाही, तिथं प्रतिवादी जिथं राहतो किंवा जिथं प्रत्यक्ष घडलं तिथंच जावं लागतं. त्याचे पुडे नागपूरच्या इतवारीत विकले जात असतील तर नागपूर बरोबर. छिंदवाड्यात तुमचा माल विकला गेला, म्हणून तिथंही कारण घडलं. पुण्याबद्दल एकच गोष्ट तपासा. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सांगितलंय की मालकाचं मुख्य ऑफिस ज्या गावात आहे तिथंच वादाचं कारणही घडलं असेल, तर त्यानं तिथंच दावा टाकावा, लांबच्या कुठल्यातरी शाखेचं नाव पुढं करून समोरच्याला फरफटत नेऊ नये. म्हणजे त्याच्या जीएसटी सर्टिफिकेटवर धंद्याचं मुख्य ठिकाण काय लिहिलंय ते महत्त्वाचं. ते नागपूर असेल आणि पुण्यात नुसतं गोदाम, तर हरकत घ्या, आणि ती पहिल्याच जबाबात घ्या, नंतर घेतलेली हरकत कोर्ट ऐकत नाही. खरोखर पुण्यातच युनिट असेल तर या मुद्द्यावर पैसा घालू नका.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कोर्टाचा नाहीच. खरा प्रश्न असा, की २०१७ मध्ये बाबा गेले त्या दिवशी हा मार्का कोणाचा होता? तिन्ही दाव्यांचं उत्तर तिथं आहे, आणि तुमच्या लांबलचक प्रश्नात त्यावर एक ओळही नाही, म्हणून मला काळजी वाटली.

तुम्हाला कोणीतरी सांगितलंय की "आधी वापरणारा जिंकतो, रजिस्ट्रेशनला काही अर्थ नाही". अर्धं खरं आहे. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या प्रकरणात २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर रजिस्टर करणाऱ्यापेक्षा वरचढ. कलम ३४ पण तेच म्हणतं. पण तिथं समोरासमोर परकी माणसं असतात हो. तुमच्याकडे दोघंही एकाच आजोबांचं नाव सांगून राहिले. तुम्ही म्हणता १९७९ पासून आमचं, तो म्हणतो १९७९ पासून आमचं, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून "आधी कोणी वापरलं" यापेक्षा "आजोबांकडून ते कोणाकडे आलं" ही साखळी दाखवावी लागते.

ती साखळी अशी तपासा. पहिली कडी, आजोबा ते फर्म. १९९३ चं भागीदारीपत्र काढा. त्यात धंदा, नाव, गुडविल (म्हणजे नावाची बाजारातली पत) फर्मच्या मालमत्तेत आलं असं लिहिलंय का? लिहिलं नसेल तरी हिशेबवह्या, फर्मच्या नावानं छापलेले पुडे, फर्मच्या नावाची सेल्स टॅक्सची नोंद, यावरून दाखवता येतं. भागीदारी कायद्याच्या कलम १४ मध्ये गुडविल ही फर्मची मालमत्ता धरलीय. पण मार्का फर्ममध्ये आलाच नाही, आजोबांचाच राहिला असं निघालं, तर २००४ मध्ये तो त्यांच्या सगळ्या वारसांकडे गेला, म्हणजे आजी, बाबा, काकाजी आणि तुमच्या आत्यासुद्धा. आत्यांचा उल्लेख तुम्ही कुठंच केला नाही. कोणीच करत नाही, आणि तडजोडीच्या शेवटच्या दिवशी त्यांची आठवण येते.

दुसरी कडी, फर्म ते आज. फर्ममध्ये फक्त दोनच भागीदार होते आणि त्यातला एक वारला, तर फर्म त्याच दिवशी संपली, मग भागीदारीपत्रात "वारस पुढं चालू ठेवतील" असं लिहिलेलं का असेना, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. सुप्रीम कोर्टानं हे १९६५ मध्येच सांगून ठेवलंय. फर्म संपली की तिची मालमत्ता, गुडविलसकट, आधी देणी फेडायला आणि उरलेलं वाटायला लागते. बाबांचा जो वाटा, तो तुम्हाला एकट्याला नाही, आई, बहीण आणि बाबांची आई म्हणजे तुमच्या आजीलाही, हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखा, मृत्युपत्र नसेल तर. बाबा गेल्यावर तुम्ही आणि काकाजींनी काही काळ एकाच खात्यावर धंदा चालवला असेल तर त्यातून नवी भागीदारी झाली का, हा वेगळा प्रश्न उभा राहतो, त्यासाठी २०१७ ते २०१९ चे बँक उतारे आणि जीएसटीची विवरणपत्रं लागतील.

आणि आता तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो तुम्ही सहज एका कंसात लिहून सोडून दिला: चुलतभाऊ फर्ममध्ये भागीदार कधीच नव्हता, फक्त काकाजी होते. मग मार्का त्याच्या नावावर आला कसा? काकाजींनी त्याला लिहून दिला का? आणि दिला असेल तर काकाजी स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त कसं देऊ शकतात? ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर त्याच्या अर्जाचा नंबर टाकून सगळी फाइल फुकट बघता येते, ती आज रात्री डाउनलोड करा. वापर कधीपासून या रकान्यात त्यानं १९७९ लिहिलं असेल, तर तो आजोबांच्या आणि फर्मच्या जिवावर हक्क सांगतोय, म्हणजे फर्मकडून त्याच्यापर्यंत आलेला कागद त्याला दाखवावाच लागेल. आणि "वापर करायचा आहे", म्हणजे अजून वापर सुरू नाही असं लिहिलं असेल, तर त्यानं स्वतःच सांगितलंय की तोवर मार्का त्याचा नव्हता. दोन्हीकडून तो अडचणीत येतो. त्या अर्जासोबत त्यानं वापराचं शपथपत्र लावलेलं असेल तर त्याला जोडलेली जुनी बिलं कोणाच्या नावाची आहेत ते नीट बघा, एका प्रकरणात ती चक्क माझ्या अशिलाच्या वडिलांच्या सहीची निघाली होती.

फर्म रजिस्टर नव्हती म्हणून दावाच चालत नाही असं पुण्याच्या वकिलानं तुम्हाला घाबरवलंय, ते मनावर घेऊ नका. हल्दीरामचंच उदाहरण घ्या, आपल्या नागपूरचं नाव त्या घराण्याशी जोडलेलं आहे म्हणून सगळ्यांना जवळचं. त्यांची जुनी फर्म १९७४ मध्ये मोडली, नावाचा हक्क पश्चिम बंगाल एकीकडे आणि बाकी देश दुसरीकडे असा वाटला गेला, आणि १९९१ मध्ये दिल्लीत एक दुकान उघडलं तिथून कोर्टकचेरी सुरू झाली. त्यात २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पासिंग ऑफचा हक्क भागीदारीच्या करारातून येत नाही, कायद्यातून येतो, म्हणून फर्मची नोंदणी नसली तरी तो दावा अडत नाही. वाटणी १९७४ ची आणि निकाल २००० चा, हेही लक्षात घ्या.

यापुढचं जरा कळकळीनं लिहिते, कारण यात मी स्वतः एक प्रकरण गमावलंय. वर्धा जिल्ह्यातल्या दोन भावांचं हळदीचं काम होतं. माझ्या अशिलानं एका कोर्टात मनाई मागताना लिहिलं की मार्का फक्त माझा, भावाचा काही संबंध नाही. दुसऱ्या कोर्टात वाटणीच्या दाव्यात लिहिलं की मार्का वडिलोपार्जित, सगळ्यांचा. दोन वकील, दोन गावं, कोणी कोणाचं वाचलं नाही, मीही दुसऱ्या फाइलची नक्कल मागवली नाही. समोरच्यानं दोन्ही अर्ज शेजारी शेजारी लावले आणि निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, आमचा अर्ज अर्ध्या तासात गेला. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही आधी ठरवा कोणाचा. माझ्या अशिलाचा हक्क खरा होता, आजही मला तसंच वाटतं.

तुमचा नागपूरचा दावा मी वाचलेला नाही, पण तुमच्या बोलण्यावरून त्यात "हा ब्रँड वादीच्या एकट्याच्या मालकीचा" असं काहीतरी असणार. आणि पुण्यात तुम्ही म्हणणार की मार्का फर्मचा, चुलतभावाला एकट्याला अधिकार नाही. हे दोन्ही एकत्र उभं राहत नाही. तेव्हा तिन्ही वकिलांना एका दिवशी एका फोनवर घ्या, एक पानभर गोष्ट ठरवा, तारखांसकट, आणि तिन्हीकडे तीच जाऊ द्या. नागपूरच्या दाव्यात दुरुस्ती हवी असेल तर पुरावा सुरू व्हायच्या आत अर्ज करा, नंतर फार अवघड जातं. माझ्या मते तुमची खरी गोष्ट ही आहे की मार्का फर्मचा होता, फर्म संपली, हिशेब झाला नाही, तोवर कोणा एकाला तो गिळता येत नाही. ही गोष्ट तुम्हाला पूर्ण मालक करत नाही, हे खरं. पण ती टिकते. भागीदारी कायद्याचं कलम ५३ तर याच्याचसाठी आहे, फर्म संपल्यावर आवराआवर पूर्ण होईपर्यंत एक भागीदार किंवा त्याचे वारस दुसऱ्या भागीदाराला फर्मचं नाव आणि मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यापासून रोखू शकतात. तेच बोट तुमच्याकडेही येऊ शकतं, कारण कांडप तुम्ही चालवताय, म्हणून बाबा गेल्यापासूनच्या विक्रीचा हिशेब स्वच्छ ठेवा.

चुलतभावाचं रजिस्ट्रेशन रद्द करायचं तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम ५७. इथं गावाकडचे लोक हमखास चुकतात. पुण्याचा दावा यायच्या आधी तुम्ही मुंबईला रजिस्ट्रीत रद्द करण्याचा अर्ज टाकला असता तर चाललं असतं. पण आता त्याच्या दाव्यात तुम्ही रजिस्ट्रेशन चुकीचं आहे असं म्हणणार, मग कलम १२५ प्रमाणे तो अर्ज हायकोर्टातच करावा लागतो. आणि तो मनाला येईल तेव्हा करून चालत नाही. कलम १२४ असं की तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसतंय असं पुण्याच्या कोर्टाला वाटलं, तर ते मुद्दा काढून तुम्हाला ३ महिने देतं, त्या मुदतीत हायकोर्टात गेला नाही तर तो मुद्दा तुम्ही सोडला असं धरलं जातं, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. हायकोर्टात अर्ज गेला की पुण्याचा दावा थांबतो, पण मनाईचा अर्ज थांबत नाही, तो चालूच राहतो, हे समजून ठेवा, नाहीतर माणूस निवांत घरी बसतो आणि मागून मनाई हुकूम येतो.

वेळेचाही मुद्दा आहे. रजिस्टर्ड मार्क्याचा वापर माहीत असून सलग ५ वर्षं गप्प बसलात तर कलम ३३ प्रमाणे रद्द करायचा हक्क जाऊ शकतो, फक्त रजिस्ट्रेशन वाईट हेतूनं घेतलेलं असेल तर नाही. तुम्हाला कधी कळलं आणि कळल्यावर काय केलं? व्हॉट्सअॅपवर भांडला असाल, लग्नात काकाजींना सगळ्यांसमोर बोलला असाल आणि त्यावर मेसेज झाले असतील, तर तेही कामाचं. हीच तलवार त्याच्यावरही आहे. तुमचा माल तो २०१९ पासून बघतोय आणि "तातडीनं थांबवा" म्हणून २०२४ मध्ये कोर्टात येतो. कमर्शियल दाव्याआधी मध्यस्थी करणं कलम १२अ प्रमाणे सक्तीचं आहे, खरी तातडी असेल तरच सूट, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसता तातडीचा अर्ज जोडून ही अट चुकवता येणार नाही, कोर्टानं ते तपासावं. तुमच्या नागपूरच्या दाव्यालाही हेच लागू, तिथं मध्यस्थीचा कागद आहे की तातडीचा खरा अर्ज आहे ते बघून घ्या.

आता एका जागी आणणं. पुणे आणि नागपूर दोन्ही मुंबई हायकोर्टाच्या खाली, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली हायकोर्टात एक अर्ज, की दोन्ही दावे एकाच कोर्टात एकत्र चालवा. साक्षीदार कुठं आहेत, जुना कागद कुठं आहे, कोणता दावा आधीचा, हे पाहिलं जातं. तुमचा नागपूरचा आधीचा आहे, फर्म इकडची, सातऱ्यावर, म्हणजे मिरचीची देठं काढायच्या जागी, मिरची तोडणाऱ्या बायांपासून लेबल छापणाऱ्या प्रेसवाल्यापर्यंत सगळे इकडचे, त्यामुळे नागपूर मागायला जागा आहे. मिळेलच असं नाही. नाही मिळालं तर पुण्याच्या कोर्टात व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागा, प्रत्येक पेशीला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची गरज नाही.

छिंदवाड्यासाठी लोक म्हणतात दिल्लीला जा, कारण दोन राज्यांतली बदली कलम २५ खाली सुप्रीम कोर्टच करतं. मी तुम्हाला आधी ते सांगणार नाही. तिथं आधी तुम्ही स्वतः प्रतिवादी म्हणून सामील व्हायचा अर्ज द्या, डीलर बिचारा तुमच्याच बिलावर माल घेतो, त्याला एकट्याला लढवू नका. मग कलम १० चा अर्ज द्या, की हाच वाद याच पक्षांत आधीच्या कोर्टात चालू आहे, म्हणून हा नंतरचा दावा थांबवा. कलम १० ला राज्याची सीमा नाही, आणि डीलर तुमच्याकडून हक्क सांगतो म्हणून त्यालाही ते लागतं. कोर्ट हे मान्य करेल की नाही ते दोन्ही दाव्यांतला मुद्दा किती एकच आहे यावर ठरतं, पण खर्च फार कमी. जमलं नाही तर दिल्ली आहेच.

इथवरचं तीन ओळींत सांगते, कारण बरंच झालं. पुण्याच्या जबाबाची तारीख आजच तपासा. मार्का फर्मचा होता ही एकच गोष्ट सगळीकडे. हायकोर्टात दोन अर्ज, एक रजिस्ट्रेशन रद्द करण्याचा आणि एक दावे एकत्र करण्याचा, आणि छिंदवाड्यात कलम १०.

पुराव्याचं थोडं. जुन्या घरी माळ्यावर आणि आजीच्या पेटीत शोधा: १९८०-९० च्या दशकातली बिलबुकं, लेबलाचा जुना ब्लॉक, प्रेसची बिलं, एसटीनं पाठवलेल्या पार्सलच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला, सेल्स टॅक्सची नोंद, मग व्हॅट, २०११ नंतरचं एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, लायसन्स. प्रत्येक कागदावर नाव कोणाचं आहे ते बघा, आजोबांचं, फर्मचं की तुमचं. मोबाइलमधले फोटो आणि चॅट द्यायचे तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. आणि एक, तुमच्या पुड्यावर "सावजी" आणि "भिवापुरी" हे शब्द आहेत, त्यांवर दोघांपैकी कोणीही हक्क सांगू नका. सावजी हे इकडच्या अख्ख्या एका समाजाच्या स्वयंपाकाचं नाव, भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, ते त्या भागातल्या शेतकऱ्यांचं. वाद फक्त आजोबांच्या नावाचा आणि फोटोचा.

पोलिसांची धमकी तो देत असेल तर घाबरू नका. ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात माल जप्त करायला डीवायएसपी किंवा वरचा अधिकारी लागतो आणि त्यानं आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. कोणी शिपाई येऊन गोणी उचलून नेऊ शकत नाही.

आता जे मी माझ्या ऑफिसात आलेल्या प्रत्येक घराला सांगते. हे शेवटी टेबलावरच मिटणार, प्रश्न एवढाच की किती वर्षांनी. बांधकाम धंद्यातल्या लोढा बंधूंचा नावावरचा वाद जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात गेला, कोर्टानं सुप्रीम कोर्टाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमलं आणि एप्रिलमध्ये समझोता झाला. तिथं केवढा पैसा होता. तुमच्याकडे एक कांडप आणि एक युनिट आहे, आणि मला जे दिसतं ते असं की भांडण लांबलं की इतवारीतले आणि आठवडी बाजारातले दुकानदार दोघांचाही माल ठेवणं बंद करतात, कोणाची नोटीस कधी येईल म्हणून. तिसराच कोणी ती जागा घेतो.

पण तडजोड करताना "पूर्व विदर्भ तुझा, पश्चिम महाराष्ट्र माझा" असं स्टॅम्पवर लिहून मोकळे होऊ नका. मी असा कागद पाहिलाय, दोन पापडवाले भाऊ, जिल्हे वाटून घेतले, सरपंचाची सही. दोन वर्षांत एकानं ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि ऑनलाइनला जिल्हा नसतो. शिवाय ट्रेडमार्क कायद्याचं कलम ४१ आहे: एकाच मालासाठी देशाच्या एका भागात एकाचा आणि दुसऱ्या भागात दुसऱ्याचा एकहाती हक्क होईल असं हस्तांतरण रजिस्ट्रारच्या मंजुरीशिवाय चालत नाही. त्यापेक्षा मला दोन रस्ते बरे वाटतात. एक, मार्का दोन्ही घरांच्या एका छोट्या कंपनीच्या नावावर करायचा आणि दोघांनी तिच्याकडून लेखी परवानगीनं वापरायचा, मिरचीचा दर्जा काय, लेबल कसं, नवीन माल कोणी काढायचा, उद्या एकाला विकायचं असेल तर आधी कोणाला विचारायचं, सगळं त्यात. दुसरा, एकानं मार्का ठेवायचा आणि दुसऱ्याला पैसे, वर दुसऱ्यानं "अमुक यांचे नातू" एवढं कुठं आणि किती मोठ्या अक्षरात लिहावं तेही ठरवायचं. कोणता, ते तुमचं बोलणं कितपत उरलंय यावर आहे. दोन्हीत लवादाचं कलम टाका, ठिकाण नागपूर. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोइम्बतूरच्या एका बिर्याणी हॉटेलच्या घरगुती वादात सांगितलंय की मार्का लिहून देण्याच्या करारातला वाद लवादाकडे जाऊ शकतो. मग कधी पुन्हा बिनसलं तर तीन कोर्टं होणार नाहीत. समझोता झाला की तो कोर्टात दाखल करून हुकूमनामा घ्या आणि रजिस्ट्रीतली नोंदही बदलून घ्या, ही शेवटची पायरी लोक विसरतात.

आता आजीचं. वय झालेल्या माणसाला पुण्याला न्यायची गरज नाही, कोर्ट कमिशनर घरी येऊन साक्ष घेऊ शकतो, आणि १९७९ च्या लेबलावरचा फोटो कोणी काढला हे सांगू शकणारं आता त्यांच्याशिवाय कोणी उरलेलं नसेल. पण तुम्ही त्यांना फक्त साक्षीदार धरून चाललात. वर हिशेब केलाय तो पुन्हा बघा, तुमच्या बाबांच्या वाट्यात आजीचा चौथा हिस्सा आहे, आणि मार्का आजोबांचाच राहिला असेल तर तिथंही त्या वारस आहेत. म्हणजे तुमचा आणि चुलतभावाचा कोणताही समझोता त्यांच्या सहीशिवाय पुरा होत नाही. साक्षीला बोलावण्याआधी त्यांना हे समजावून सांगा, काकाजींनाही त्याच दिवशी त्यांच्यासमोर बसवा, वकील कोणी नको. त्या बैठकीत काय झालं ते कळवा, मग पुण्याचा जबाब कसा लिहायचा ते मी बघते. फक्त तारीख मधात निघून जाऊ देऊ नका.